भिंतीला सुटलेलं पोट

तळघरातल्या सुंभाच्या रहाटाची मूठ मागच्या भिंतीला घासू लागली तेव्हा तुळसाला वाटलं, कोणीतरी रहाट सरकवलाय. तिने सुंभ वळणाऱ्या बायकांना विचारलं. कोणीच हात लावला नव्हता. तिने रहाट वीतभर पुढे ओढला आणि कामाला लागली. श्रावण सरता सरता मूठ पुन्हा घासली. मग मात्र तिने कंदील उचलला, भिंतीच्या अंगाला तिरका धरला आणि बघतच राहिली. मधोमध, कमरेच्या उंचीवर, भिंत पुढे आली होती. दिवस भरत आलेल्या गरवार बाईसारखं तिला पोट सुटलं होतं. चिऱ्यांच्या सांध्यांतून तांबडी ओल पाझरत होती.

घर डोंगरीच्या उतारावर होतं. परसातून बघितलं तर एकमजली, खालच्या वाटेवरून बघितलं तर दुमजली. तुळसाच्या सासऱ्यांनी उतार खोदून खाली हे तळघर काढलं होतं. तीन बाजूंना माती, चौथ्या बाजूला दार आणि दारासमोरून रस्त्याला जाणारी पायवाट. पूर्वी तिथे भात आणि नारळ पडलेले असत. नवरा गंगाराम मुंबईला गोदीत कामाला लागला, तेव्हा तुळसाने तिथे दोन रहाट मांडले. खाडीच्या चिखलात कुजवलेली नारळाची सोडणं बडवून काढलेला काथ्या त्या गारव्यात नरम राहायचा. दुपारची भांडी आवरून वाडीतल्या बायका यायच्या आणि दिवेलागणीपर्यंत सुंभ वळायच्या. मालवणच्या बंदरात कितीतरी होड्या त्या सुंभाने बांधलेल्या असत. हे सगळं तुळसाने एकटीने उभं केलं होतं, आणि त्याचा तिला अभिमान होता.

वरच्या मजल्यावर थोरला दीर दाजी आणि त्याची बायको जानकी राहायची. चूल एकच होती. दाजी घरचा कर्ता. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. गावात पंचायतीची निवडणूक लागली होती, आणि दाजीला सरपंच व्हायचं होतं. त्याच्या पडवीत रोज पानाचं तबक फिरत होतं.

तुळसा पदर सावरून पडवीच्या दाराआड उभी राहिली. "भावोजी, तळघराची मागची भिंत फुगली हा. एकदा येवन बघा."

"ओल धरली आसतली," पानाला चुना लावता लावता दाजी म्हणाला. "पावसाचे दिस. अलीमियाँक सांगतंय. गिलावो मारून देतलो."

अलीमियाँ हा गावचा जुना गवंडी. त्याने बांधलेली घरं पार कुडाळपर्यंत होती. तो आला, त्याने भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडला. दोरा सरळ लोंबायला हवा होता, तो भिंतीच्या पोटावर आडवा पडल्यासारखा टेकला. अलीमियाँने घाईघाईने दोरा गुंडाळून खिशात टाकला.

"काय दिसला, अलीभाय?"

"दाजींनी गिलावो सांगल्यानी, वैनी. मी गिलावो करतंय."

त्याने चुना मळला. पोटाच्या वर आणि खाली जाड थर, पोटावर पातळ. संध्याकाळपर्यंत भिंत पट्टी लावल्यासारखी सरळ दिसू लागली. तापाने फणफणलेल्या माणसाला परीटघडीचं धोतर नेसवून ओसरीवर बसवावं, तसं ते दिसत होतं. दाजीने येऊन नुसती मान डोलावली. रात्री भाकरी थापताना तुळसाच्या हाताखाली काठवट उडत होती. जानकीने एकदा बघितलं आणि डोळे वळवले.

आठवडाभरात गिलाव्याला कोयत्याच्या पात्यासारखा वाकडा तडा गेला.

मग तुळसा घराच्या मागे चढली. न्हाणीच्या वर, जिथे डोंगरीवरचं पाणी घराला वळसा घालून व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, नेणारी खोल चर होती, तिथे तिला चर दिसेना. सासऱ्यांनी ती व्हाळी स्वतः खणली होती आणि दर मिरगाआधी ते ती साफ करून घेत. आता तिथे तांबडी माती दडपून बसवली होती. तिच्यावर सुपारीची कोवळी रोपं रांगेत लावलेली. वरच्या अंगाला रचलेल्या दगडांचा नवा गडगा. डोंगरीवरून येणारं पाणी गडग्याखालून झिरपत होतं आणि पुढे वाट नाही म्हणून तिथेच मुरत होतं. तुळसाने पाय टाकला, तो घोट्यापर्यंत रुतला. त्याच जागेखाली तिच्या तळघराची भिंत होती.

बाबली तिथेच रोपांना काठ्या बांधत होता. वरच्या वाडीचा तो मानकरी. देवळात पहिला नारळ त्याचा, आणि तो बोट दाखवील तिकडे वरच्या वाडीची मतं जात.

"बाबलीनू, ही व्हाळी कोणी बुजयली?"

"मीया."

"पाणी आमच्या घरात मुरता. भिंत पडतली."

बाबलीने वाकलेली कंबरसुद्धा सरळ केली नाही. "माका कित्या विचारतस? तुझ्या दिराक विचार. तेंनीच सांगल्यानी, बुजव म्हणान. मतांचा बोलणा झाला, तेवाच ह्या पण ठरला."

तुळसा उतरणीला लागली. पायाखालचं तिला दिसत नव्हतं. बाबलीने व्हाळी बुजवली हे एक वेळ तिला समजलं असतं, लोक हावरे असतातच. पण ज्याच्या बापाने ती खणली, त्यानेच ती द्यावी, वर भिंतीला चुना फासून तिला वेड्यात काढावं, हे तिच्या घशाखाली उतरेना. दारात जानकी भेटली. "काय झाला गो?" तिने विचारलं. तुळसा तिला ओलांडून सरळ पडवीत गेली. पडवीत दोघे-तिघे बसले होते. त्या दिवशी ती दाराआड थांबली नाही.

"भावोजी, व्हाळी तुमी बुजवूक दिल्यात?"

दाजीने आधी पाहुण्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "दिलय. मगे?"

"खाली बायका बसतत."

"मतांचा गणित तुका कळाचा नाय, बाय. निवडणूक होवंदे. मगे मी सोता उभो रवान व्हाळी मोकळी करून घेतंय. तवसर भिंत काय पळान जाता?"

पाहुणे हसले. एकाने तर पानाची पिंक टाकण्याच्या निमित्ताने तोंड फिरवून हसून घेतलं. तुळसाचे कान तापले. तिने खाली जाऊन बायकांच्या मदतीने दोन्ही रहाट उचलले आणि वर घरापुढच्या अंगणात, खळ्यात आणून मांडले. वर झावळ्यांचा माटव घातला. पाऊस आला की काथ्या झाकायचा, गेला की पुन्हा वळायचं. काम निम्म्यावर आलं, पण तिला त्याचं काही वाटलं नाही.

मग एके दिवशी सकाळी दाजीने निरोप धाडला. उद्या सभा आहे, खालच्या-वरच्या वाडीची माणसं येणार, खळं मोकळं हवं. बायकांनी दोन दिवस खालीच बसावं. तुळसाने नाही म्हटलं. दुपारी जानकी आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माज्यासाटी आयक गो. तेंका सभा बरी होवंदे. मगे मी तुझ्या मदी पडणय नाय."

तुळसाने ऐकलं. रहाट पुन्हा खाली गेले, दाराच्या अगदी जवळ, भिंतीपासून जमेल तितके लांब. पुढे कित्येक वर्षं तिला दाजीपेक्षाही जास्त चीड त्या एका क्षणाची येत राहिली.

सभेच्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. भाद्रपदातलं, अंग भाजणारं ऊन. कोणालाही वाटावं की आता धोका टळला. वर खळ्यात चहा फिरत होता, आणि दाजीचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता. गावात रस्ता आणू, विहीर बांधू. खाली रहाट फिरत होते. काथ्याच्या मोळ्या मात्र मागच्या बाजूला राहिल्या होत्या. यशोदा मोळी आणायला उठली. वरच्या वाडीची ही तरणी सून, हात सगळ्यांत चपळ आणि जीभही. काहीतरी बोलून तिने बायकांना हसवलं होतं, आणि ती हसतच मागे गेली.

आधी मूठभर गिलावा पडला. यशोदेने वर बघितलं. मग भिंतीचं पोट फुटलं. मोठा आवाज असा झालाच नाही. ओल्या मातीचा एक धप्प आवाज, आणि मागोमाग चिरे. तांबडा चिखल रहाटापर्यंत आला. यशोदा गुडघ्याच्या वरपर्यंत त्याखाली गेली होती.

तुळसाने आणि बायकांनी हातांनी चिरे काढले. डोक्यावरचे वासे करकरत होते, पण एकही बाई बाहेर पळाली नाही. यशोदा ओरडत नव्हती, आणि तुळसाला त्याचीच जास्त भीती वाटली. यशोदेच्या नवऱ्याने सभेतून धावत येऊन तिला दाराच्या फळीवर घेतलं, बैलगाडीत घातलं आणि मालवणच्या दवाखान्यात नेलं. गाडी वळणाआड झाली तेव्हा तुळसा वर खळ्यात आली. कोपरापर्यंत चिखल, लुगड्यावर रक्त.

दाजी उभा राहून माणसांना सांगत होता, "जुनी भिंत ती. पावसाचा काय नेम नाय. देवाची मर्जी."

"देवाक मदी घालू नकात, भावोजी," तुळसा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"व्हाळी देवान बुजवूक नाय. बाबलीन बुजवल्यान, तुमी बुजवूक दिल्यात. आणि हय बसलेल्या सगळ्यांनी येता-जाता ती बघितल्यात. एकाच्या तोंडातसून शब्द इलो नाय."

"घरात जा," दाजी हळू आवाजात म्हणाला.

"घर खय रवला? तेचो पाटलो आंग खाली पडलो हा."

ती अवजारांच्या खोपटात, मांगरात गेली आणि पिकाव घेऊन बाहेर आली. परसातून वर चढू लागली. मागून बायका निघाल्या, कोणी कुदळ घेऊन, कोणी नुसतं घमेलं घेऊन. बाबली सभेतून उठला आणि धापा टाकत त्यांच्या पुढे जाऊन रोपांच्या रांगेत उभा राहिला.

"माझ्या पोफळींक हात लावशीत तर बघ."

"बघतंय," तुळसा म्हणाली आणि तिने पिकाव उगारला.

पहिला घाव बाबलीच्या पायापासून वीतभरावर बसला. तो मागे सरला. दुसरा घाव घालताना मात्र पिकाव तिच्या हातांतून निसटू लागला, चिरे उपसून हात सोलून निघाले होते. तेवढ्यात मागून कोणीतरी पिकावाचा दांडा धरला. यशोदेचा दीर बाबू होता तो. बाबलीच्याच गोटातला, सभेला बाबलीच्याच शेजारी बसलेला.

"हाड हडे," तो म्हणाला आणि पिकाव त्याने आपल्याकडे घेतला.

"बाबू, तू माझो माणूस आसस," बाबली म्हणाला.

बाबूने पिकावाचा घाव घातला. त्याने रोपासकट माती उचलून बाजूला टाकली. मग वरच्या वाडीचे आणखी दोघे आले, मग खालच्या वाडीचे. बाबली थोडा वेळ शिव्या देत उभा होता. कोणी ऐकत नाही म्हटल्यावर घरी गेला. उन्हं उतरायच्या आत व्हाळी मोकळी झाली आणि साचलेलं गढूळ पाणी सुपारीची रोपं घेऊन व्हाळाकडे धावलं. बायका ते बघत बसल्या. तुळसाला वाटलं होतं, पाणी वाहताना पाहून आपला राग उतरेल. तो उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने अलीमियाँला बोलावलं. तो येऊन दारात उभा राहिला. तिने त्याला बस म्हटलं नाही.

"ओळंब्यान तुमका सांगला नाय, अलीभाय?"

"सांगला, वैनी."

"मगे?"

"दाजींका नाय म्हणूक माका जमला नाय. अर्ध्या गावातली कामां तेंच्या शब्दार गावतत." तो जमिनीकडे बघत होता. "माका रात्री झोप लागली नाय."

"यशोदेक पण लागली नसतली," तुळसा म्हणाली. "आता माझ्या शब्दार काम करा."

काम सुरू झालं. आधी माडाच्या खोडांचे टेकू देऊन वरचे वासे तोलून धरले. मग भिंतीमागची माती वरून खोदायला घेतली, एकदम नाही, थोड्या थोड्या टप्प्याने, नाहीतर उरलेली भिंतही आत आली असती. फुटके चिरे फेकले, धड होते ते धुऊन घेतले, कमी पडले ते खाणीवरून आणले. नवी भिंत खाली रुंद आणि वर निमुळती चढली. मध्ये मध्ये लांब चिरे आडवे घातले, त्यांची टोकं मागच्या अंगाला दातांसारखी रुतली. घोट्याच्या उंचीवर पाणी बाहेर पडायला भोकं ठेवली. भिंतीच्या मागे आधी गोटे, मग खडी, मग वाळू, आणि सगळ्यावर माती. चिरे आणि घमेली बायकांनीच वाहिली. दाजी एकदाही खाली उतरला नाही.

आतल्या बाजूने भिंतीला दोन जाड धिरे द्यायचे होते, म्हणजे तिने पुन्हा पुढे यायचं म्हटलं तरी तिला अडवायला पुढे दगडी टेकण असावं. पहिल्या धिऱ्याचा पाया अलीमियाँने संध्याकाळच्या घाईत भरायला घेतला. तुळसाने पहार उचलून खड्ड्यात मारली. ती सरसर आत गेली.

"ह्याच्यार उभो करतल्यात?"

"वैनी, भार काय तितको येवचो नाय."

"माका तितको-बितको सांगू नकात. कातळ लागासर खणा."

अलीमियाँचं तोंड कडू झालं. पण त्याने खणलं, आणि कातळावर पहार टणकन वाजली तेव्हाच पाया भरला. त्या दिवसानंतर दोघांत कामापुरतंच बोलणं उरलं. तो मनाने वाईट माणूस नव्हता, हे तुळसाला ठाऊक होतं. पण ठाऊक असून तिला त्याच्यावरचा राग कमी करता येईना.

निवडणुकीत दाजी पडला. चिडलेल्या बाबलीने आपली मतं दुसरीकडे वळवली, आणि बाबूसारख्यांनी दाजीलाही दिली नाहीत आणि बाबलीने सांगितलेल्यालाही नाहीत. "घरच्या बायलमाणसान माझो पाय ओढल्यान," असं दाजी भेटेल त्याला सांगत सुटला. तो तिच्या हातचं जेवेना. तुळसाने दुसऱ्या दिवसापासून त्याच्या वाटणीचे तांदूळ शिजवायचं थांबवलं. जानकी दोघांच्या मध्ये गुपचूप दाजीपुरती आणि आपल्यापुरती पेज करी.

दिवाळीला गंगाराम आला. बोटीतून उतरताच बंदरावर दाजीने त्याला गाठलं होतं. घरी येईपर्यंत त्याचा चेहरा बंद झालेला होता. त्याने तळघरात येऊन भिंत बघितली, धिऱ्यावर हात फिरवला, आणि म्हणाला, "काम बरा झाला हा. आता दादाच्या पाया पड. वयान मोटो आसा तो. चार माणसांत तू तेका बोललंस."

तुळसा काथ्या विंचरत होती. तिने हात थांबवला नाही. "पडतंय. आदी तेंका यशोदेच्या दारार जावंदे."

"हट्ट करू नको."

"तुमी जावन इल्यात?"

"खय?"

"यशोदेकडे. बंदरावरसून घराक येताना तिचा घर लागता. भावोजींचा सगळा आयकून घेतल्यात. तिच्या घरात डोकावल्यात?"

रात्रभर दोघं पाठीला पाठ लावून पडली. सकाळी तो केळ्यांचा फणा घेऊन बाहेर पडला आणि दुपार कलल्यावर परतला. येऊन धिऱ्याला टेकून बसला.

"माका बघून ती उभी रवाक गेली," तो म्हणाला. "पाय दुमडणा नाय. तेच्यामुळे उठताना पडाक झाली. तरी हसली. म्हणता, बसा, चाय करतंय." मग विचारलं, "दादा एकदाव गेलो नाय?"

"नाय."

तो उठून वर गेला. वरून आधी दाजीचा आवाज आला, मग गंगारामचा. धाकट्या भावाचा आवाज इतका चढलेला तुळसाने लग्न होऊन आल्यापासून कधी ऐकला नव्हता. तो उतरला तेव्हा त्याच्या एका हातात तांब्याचा हंडा होता आणि काखेत तांदळाची पिशवी. मागे जानकी दारात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला होता. गंगारामने दोन धिऱ्यांच्या मधल्या जागेत तीन चिरे मांडले आणि खाली बसून लाकडं रचू लागला. त्याला चूल पेटवता येत नव्हती. धूर डोळ्यांत जाऊन तो खोकू लागला, तेव्हा तुळसाने त्याला बाजूला केलं आणि फुंकणी हातात घेतली.

तिने भात शिजवला. तो तिच्या बाजूने उभा राहिला याचं तिला बरं वाटलं. पण ताट वाढताना तिच्या मनात आलं, माझं सांगणं पुरलं नाही याला, स्वतःच्या डोळ्यांनी पाय बघावा लागला. तिने आमटीचं भांडं जरा जोराने आपटलंच. गंगारामने मान वर केली नाही.

शिमग्यानंतर यशोदा पुन्हा सुंभ वळायला येऊ लागली. जमिनीवर बसता येईना म्हणून तिच्यासाठी एक लाकडी खोकं ठेवलं, त्यावर बसून ती पाय सरळ पुढे सोडी. एका सकाळी ती काठी टेकत पायवाटेने येत असताना समोरून दाजी आला. वाट अरुंद. दाजीने तिला पाहिलं, मान गडग्याकडे वळवली आणि अंग चोरून निघून गेला. तुळसा दारातून बघत होती. थंडीभर जरा निवल्यासारखा वाटणारा तिचा राग एका क्षणात जसाच्या तसा परत आला.

तिने यशोदेचं खोकं आतून उचललं आणि दारात, पायवाटेच्या अगदी कडेला आणून ठेवलं. इथे बसलेल्या माणसाने पाय पुढे सोडला, की रस्त्याला जाणाऱ्या प्रत्येकाला तो ओलांडून जावं लागे.

"हय बस," ती म्हणाली. "उजेड बरो आसा."

यशोदेने तिच्याकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं, आणि सगळं समजून ती खोक्यावर बसली. त्या दिवसापासून रोज ती तिथेच बसत राहिली. दाजीने खालच्या मळ्यातून चिखल तुडवत रस्त्याला जायची नवी वाट धरली, आणि म्हातारा झाला तरी तीच वाट धरून राहिला.